सतरावं चित्र

सरकारी नोकरीच्या पहिल्या दहा वर्षांत मी जी गावं पाहिली, त्यांतली बहुतेक आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कुठल्या गावात विंचू निघाला आणि कुठल्या गावात सरपंचांनी तासभर भाषण केलं, याची सांगड लागत नाही. धानोऱ्याच्या पुढचं ते एक गाव मात्र जसंच्या तसं डोळ्यांपुढे आहे. त्याचं नाव मी लिहीत नाही. ज्यांची हकिगत सांगणार आहे त्यांना ते आवडेल का, हे विचारायला आता कोणी सापडत नाही.

गोष्ट पंच्याऐंशी-शहाऐंशीच्या सुमाराची. गडचिरोली वेगळा जिल्हा होऊन तीन-चार वर्षं झाली होती, पण म्हातारी माणसं अजून सगळ्या मुलखाला जुन्या नावाने चांदाच म्हणायची. मी तेव्हा एकतीस वर्षांचा होतो आणि पुण्यातल्या एका सरकारी कार्यालयात शाळांसाठी फिल्मस्ट्रिपच्या संहिता लिहीत होतो. ज्यांनी फिल्मस्ट्रिप पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो : तो सिनेमा नव्हे. चाळीस चित्रांची एक लांब पट्टी, ती प्रोजेक्टरमध्ये घालून हाताने एकेक चित्र पुढे सरकवायचं, शेजारी टेपरेकॉर्डरवर निवेदन चालू. टेपवर ‘टुंग’ वाजलं की पुढचं चित्र. आज हसू येईल, पण त्या काळी ही पेटी घेऊन आम्ही शाळेत शिरलो की मुलं श्वास रोखून बघायची आणि आम्हालाही आपण काहीतरी मोठं घेऊन आलो आहोत असं वाटायचं.

त्या वर्षी आमचे साहेब दिल्लीच्या एका परिषदेहून परतले ते ‘चिकित्सक विचारशक्ती’ हा शब्द घेऊनच. मुलांनी नुसतं पाठ करायचं नाही, विचार करायचा, शंका काढायच्या, आणि हे सगळं यंत्राच्या मदतीने घडवायचं. मी ‘वनसंपत्ती’ नावाची फिल्मस्ट्रिप नुकतीच पुरी केली होती. तीच जंगलातल्या शाळांत दाखवून पाहायची, शेवटी दहा प्रश्नांचा पेपर घ्यायचा, निकाल चांगला आला की प्रती काढून राज्यभर पाठवायच्या, असं ठरलं. संहिता माझी होती, प्रश्न माझे होते, उत्तरसूचीही माझीच होती. परीक्षा कोणाची होणार आहे, हे मात्र माझ्या लक्षात आलं नव्हतं.

वडसा

नागपुरापर्यंत रेल्वे, पुढे आमच्या नागपूर कार्यालयाची जीप. जीपबरोबर निमजे आले. निमजे म्हणजे ड्रायव्हर, ऑपरेटर आणि मेकॅनिक असे तीन लोक एकाच खाकी शर्टात. पन्नाशीचा माणूस, तोंडात सुपारी, आणि पुण्याहून येणाऱ्या प्रत्येक वस्तूवर बारीकसा अविश्वास. प्रोजेक्टर जीपच्या जादा बॅटरीवर चालायचा. त्या बॅटरीला ते म्हाताऱ्या बैलाला जपावं तसं जपत.

ब्रह्मपुरीकडच्या एका शाळेत पहिला खेळ झाला. सगळं बिनबोभाट पार पडलं. मुलं शांत बसली, सगळ्यांनी दहाही उत्तरं बरोबर लिहिली. वैनगंगा ओलांडून आम्ही वडशाला आलो तेव्हा मी मनातल्या मनात अहवालाची पहिली वाक्यं जुळवत होतो.

वडशात बॅटरीने मान टाकली. “गई कामसे,” निमजे म्हणाले आणि शांतपणे सुपारी कातरू लागले. भात-गिरण्यांचं आणि नाटक कंपन्यांचं हे गाव. हिवाळ्यात इथून झाडीपट्टीतल्या गावोगावी नाटकं जातात. आम्ही पोचलो तेव्हा हंगाम संपत आला होता, भिंतींवरची पोस्टरं फाटायला लागली होती. निमजेंच्या ओळखीचा एक लाइटमन एका कंपनीत होता. त्याने बॅटरी एका गिरणीत चार्जिंगला लावून दिली आणि आम्हाला जेवायला खानावळीत नेलं. ताटात भाताचा डोंगर, त्यावर लाखोळीची डाळ, बाजूला वांग्याची भाजी. मी पोळी मागितली. खानावळीच्या मालकाने मी आजारी आहे का, अशी चौकशी केली. पुण्यात भात हा जेवणाचा शेवट असतो. इथे तोच आरंभ, तोच मध्य आणि ताक घेतलंत तर तोच शेवट. दुसऱ्या दिवसापासून मी पोळीचं नाव काढलं नाही.

लाइटमनने आमच्या खेळाची आपुलकीने चौकशी केली. त्यांच्या नाटकात लोक मधेच उठून बोलतात, खलनायकाला शिव्या घालतात, नायिकेला सावध करतात, असं तो सांगत होता. तुमच्या पोरांनी काय म्हटलं, असं त्याने विचारलं. मी अभिमानाने म्हणालो, काही नाही, अगदी शांत बसली होती.

“मंग पसंत नाई पडलं त्याइले,” तो म्हणाला आणि डाळ वाढायला सांगितली.

मला त्याचा जरा रागच आला. नाटकवाल्याला शिक्षणातलं काय कळणार, असं वाटलं.

धानोऱ्याच्या पुढे

आरमोरी, गडचिरोली मागे टाकून धानोऱ्याचा रस्ता धरला आणि रान सुरू झालं. मार्चचे दिवस. सागाची झाडं निष्पर्ण, मधेच पळस पेटलेला, आणि जमिनीवर पानांचा असा थर की एखादी घोरपड सळसळली तरी माणूस चालल्यासारखं वाटावं. धानोऱ्यानंतर डांबर संपलं. तिथून पुढे हवेत एक गोड, जड, किंचित आंबूस वास भरून राहिला होता. गुळाच्या काहिलीजवळ उभं राहिल्यासारखं वाटत होतं. मी निमजेंना विचारलं, हा वास कसला?

निमजेंनी जीप चालवता चालवता माझ्याकडे वळून पाहिलं. “ज्याच्यावर फिल्म काढली त्याचाच हाये, साहेब. मोहाचा.”

 माझ्या संहितेत मोहावर तीन चित्रं होती.

शाळा म्हणजे कौलारू छपराची एक मोठी खोली आणि पुढे ओसरी. पहिली ते चौथी सगळे वर्ग त्यातच. शिक्षिका एकच, रामटेकेबाई. सत्तावीस-अठ्ठावीसच्या असतील. सावळ्या, सडपातळ, आणि बोलण्याआधी क्षणभर थांबणाऱ्या. त्यांच्याबरोबर तालुक्याचे शिक्षण विस्तार अधिकारी मोटारसायकलवरून येऊन बसले होते. वर्गातली एकुलती एक खुर्ची त्यांच्याखाली होती आणि मांडीवर फाइल.

चहा होईपर्यंत त्या साहेबांनी बाईंची सगळी कर्मकहाणी त्यांच्यासमोरच मला ऐकवली. बाईंची नेमणूक तात्पुरती. तीन वर्षं होत आली. कायम करायचं की जूनपासून कमी करायचं, हे या साहेबांच्या शेऱ्यावर ठरणार होतं. आधीचे दोन शेरे वाईट. दोन्हींत एकच मजकूर : वर्गात गोंगाट, मुले शिक्षकास उलट प्रश्न करतात. “आता तुमचा खेळ नीट झाला का मी लिवतो बरोबर,” ते मला म्हणाले. बाई कपबशा उचलत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

अंधार करायला गावातून बांबूचे तट्टे आणि घोंगड्या आणल्या. एक तट्टा बांधताना मी मागच्या भिंतीला टेकलो आणि माझा पुण्याहून धुऊन आणलेला पांढरा शर्ट पाठभर चिखलाने माखला. भिंत नुकतीच सारवलेली होती, अजून ओली. बाकीच्या तीन भिंती जुन्या आणि ही एकच ताजी का, असा प्रश्न एखाद्या चिकित्सक माणसाला पडला असता. मी शर्ट झटकत राहिलो.

खेळ झाला. चाळीस चित्रं, चाळीस ‘टुंग’. रेडिओवरच्या एका निवेदकाचा खर्जातला आवाज त्या मातीच्या खोलीत घुमला. तिसरी-चौथीची अठ्ठावीस मुलं ओळीने बसली होती. कोणी हललं नाही, कोणी खोकलं नाही. सतराव्या चित्रात एक माणूस मोहाच्या झाडावर चढून फुलं तोडत होता, खाली त्याची बायको टोपली धरून उभी होती. निवेदक म्हणाला, “आदिवासी बांधव झाडावर चढून मोहाची फुले तोडतात.” हे वाक्य मला स्वतःला फार आवडायचं.

मग पेपर. सातवा प्रश्न : मोहाची फुले कशी गोळा करतात? अठ्ठावीसच्या अठ्ठावीस मुलांनी लिहिलं, झाडावर चढून तोडतात. विस्तार अधिकाऱ्यांनी पेपर चाळले, मान डोलावली, आणि उद्या अकराला येऊन शेरा लिहितो म्हणत मोटारसायकलला किक मारली. मी बाईंचं अभिनंदन केलं. त्यांनी नुसतं “हो सर” म्हटलं. थकल्या असतील, असं मला वाटलं.

संध्याकाळी जेवायला त्यांच्याकडेच होतो. शाळेला लागून एक खोली, भिंतीवर बुद्धाची छोटी तसबीर, कोपऱ्यात ट्रंक, चुलीवर भात. अंबाडीची भाजी आणि जवसाची चटणी असं ते जेवण होतं. इतक्या वर्षांत मी नाना ठिकाणी जवसाची चटणी खाल्ली, त्या चवीची परत मिळाली नाही. बोलता बोलता त्यांच्या घरचं कळलं. वडील ब्रह्मपुरीकडे दुसऱ्यांच्या धानाच्या बांध्यांवर राबले आणि या मुलीला डी.एड. केलं. घराण्यातली पहिली नोकरी हीच. पाठची बहीण आता कॉलेजात होती, तिचं शिक्षण या नोकरीवर चाललं होतं. निमजे पोटभर जेवून बाहेर बाजेवर आडवे झाल्यावर बाईंनी मला विचारलं, हे लिहिताना तुम्ही इकडे आला होता का? मी म्हणालो, नाही, पण पुस्तकं भरपूर वाचली. त्यांनी “बरं” म्हटलं आणि मला आणखी भात वाढला.

मोहाखाली

पहाटे थंडीने जाग आली. उठून बसलो तर गाव रिकामं. घरांची दारं उघडी, कोंबड्या तेवढ्या हिंडत होत्या. रानाच्या बाजूने बोलण्याचा आवाज येत होता म्हणून तिकडे चालू लागलो.

ते दृश्य मी कधी विसरणार नाही. मोहाची मोठमोठी झाडं, प्रत्येकाखालची पानं आधीच जाळून जमीन झाडलेल्या अंगणासारखी स्वच्छ केलेली, आणि तिच्यावर फिकट पिवळ्या, मांसल फुलांचा सडा. वरून एकेक फूल टप् करून पडत होतं. सगळं गाव वाकून वेचत होतं. म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या बाया, आणि कालची माझी अठ्ठावीस मुलं. झाडावर कोणीही नव्हतं.

आमच्या पुण्याच्या घरी प्राजक्त होता. आई रोज सकाळी त्याची फुलं अंगणातून वेचायची. फुलं झाडावरून आपसूक पडतात आणि माणूस ती जमिनीवरून वेचतो, ही गोष्ट मला लहानपणापासून माहीत होती. तरी मी टेबलाशी बसून एका माणसाला शिडीशिवाय मोहावर चढवलं होतं. 

जवळच्या झाडाखाली सुनीता उसेंडी होती. चौथीतली, दहा वर्षांची, पेपरावर अक्षर सगळ्यांत सुंदर होतं म्हणून नाव लक्षात राहिलेलं. तिची टोपली अर्धी भरली होती. मी म्हणालो, माझ्याही हाताला लागतील तेवढी टाकतो, आणि शेजारच्या झाडाखाली वाकलो. तिने मला थांबवलं. ते झाड नैतामांचं होतं. प्रत्येक झाड कोणत्या ना कोणत्या घराचं असतं आणि दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कोणी उचलत नाही, हे तिने मला समजावून सांगितलं. मी सरकून तिच्या झाडाखाली आलो. मग विचारलं, काल पेपरात काय लिहिलंस?

“झाडावर चढून तोडतेत.”

“आणि हे काय चाललंय?”

तिने मी अगदीच काहीतरी विचारल्यासारखं पाहिलं. “ते पेपरात लिवाचं होतं, सर. हे वेचाचं हाये.”

चित्र चूक आहे हे दिसलं नाही का, असं मी विचारलं. दिसलं, ती म्हणाली. सगळ्यांनाच दिसलं. पण बाईंनी सांगितलं होतं, उद्या कोणी काही बोलायचं नाही.

रामटेकेबाई दोन झाडांपलीकडे सुनीताच्या आजीला वेचू लागत होत्या. मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा आमचं बोलणं त्यांनी ऐकलं होतं, हे चेहऱ्यावरून कळलं. फुलांच्या चिकाने माखलेले हात पदराला पुसत त्या उभ्या राहिल्या.  आपणहूनच सांगत गेल्या. शाळेत एक रेडिओ होता. दुपारी शालेय कार्यक्रम लागायचा. सुरुवातीला मुलं नुसती ऐकायची. मग बाईंनी मागच्या भिंतीवर खडूने दोन रकाने आखले. एकीकडे ‘रेडिओ म्हणतो’, दुसरीकडे ‘आपण पाह्यलं’. रेडिओचं आणि आपलं जुळलं नाही की मुलाने हात वर करायचा आणि लिहायचं. रेडिओनंतर पुस्तकाची पाळी आली, पुस्तकानंतर खुद्द बाईंची. तीन वर्षांत ती भिंत खालपासून वरपर्यंत भरली. वर्गात जो गोंगाट होता तो हाच.

“परवा मी भिंत सारवून टाकली,” त्या म्हणाल्या. “पोरायले म्हटलं, पुण्याचे सर येऊन राह्यले, चूप बसा. सर, यायले बोलाले शिकवाले तीन वर्षं लागली. चूप बसाले एका दिवसात शिकले.”

हे सांगताना त्यांचा आवाज कापला नाही, पण डोळे भरून आले.  मुलांना विचार करायला शिकवण्याची पेटी घेऊन मी पुण्याहून इतक्या लांब आलो होतो, आणि माझ्या येण्याने त्या मुलखातला विचार करणारा एक वर्ग गप्प झाला होता.

मी म्हणालो, खेळ परत दाखवू. टेप न लावता. निवेदन मुलं करतील. बाई लगेच हो म्हणाल्या नाहीत. अकराला साहेब येणार होते, फाइल घेऊन. कालचे पेपर तसेच गेले तर नोकरी कायम, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. त्या सुनीताच्या आजीची टोपली भरेपर्यंत वेचत राहिल्या. टोपली डोक्यावर चढवून दिली, आणि मग मला म्हणाल्या, “तट्टे बांधाले सांगा निमजेभाऊले.”

अकरा वाजता

मोहाच्या दिवसांत शाळा अकरालाच भरायची. विस्तार अधिकारी आले, परत खेळ आहे म्हटल्यावर कपाळाला आठ्या घालून खुर्चीत बसले. मी निवेदनाची कॅसेट काढून मुलांचं बोलणं टेप करायला कोरी कॅसेट घातली. निमजेंनी पहिलं चित्र पडद्यावर टाकलं. बाई पडद्याशेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

“काल मी म्हटलं होतं, कोणी काई बोलू नोका. ते मी चुकीचं सांगितलं. आज ज्याले जे दिसते ते त्यानं सांगाचं.”

पहिलं चित्र गेलं, दुसरं गेलं, तिसरं गेलं. कोणी बोलेना. मुलं एकदा बाईंकडे आणि एकदा खुर्चीकडे पाहत होती.  चौथ्या चित्रात जंगलातलं गाव होतं. आमचे चित्रकार कोकणातले. त्यांनी झोपडी काढली की तिच्यामागे नारळ आपोआप उगवायचा. मागच्या ओळीतून एक बारीक आवाज आला, हे झाड कोणतं? बाईंनी माझ्याकडे बोट केलं. मी म्हणालो, नारळ. आमच्या गावात कुठी हाये, असं दुसऱ्याने विचारलं. मी म्हणालो, कुठेच नाही. निमजे प्रोजेक्टरमागे खुदकन हसले.

तिथून बांध फुटला. तेंदूपानं पावसात तोडताना दाखवली होती. पानं भिजून सडतील, आणि पावसाळ्यात कोणता ठेकेदार येतो, असं एका मुलाने विचारलं. वाघाच्या चित्रात दूर गुरं निवांत चरत होती. वाघ असताना गुरं अशी उभी राहत नाहीत, असं तिघांनी एकदम सांगितलं, मग कशी राहतात ते करून दाखवलं. काही मुलं गोंडीत बोलत होती आणि दुसरी त्यांचं मराठी करून सांगत होती. प्रत्येक चित्राला बाई एकच गोष्ट विचारत होत्या : तुला कसं माहीत? आणि त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय निमजेंना पुढे जाऊ देत नव्हत्या.

सतरावं चित्र आलं. सुनीता उभी राहिली.

“हा मानूस पडन,” ती म्हणाली.

“काऊन?” बाईंनी विचारलं.

“फांदीच्या टोकाले कोनी जाते का? अन् फूल तयार झालं का आपोआप पडते. तोडलं तं कच्चंच रायते. आमी खालून वेचतो.” मग तिने माझ्याकडे पाहिलं. “हे कोनं लिवलं?”

मी म्हणालो, “मी.”

“तुमी मोहा पाह्यला नोहता?”

“नव्हता.”

तिने थोडा विचार केला. तिच्या आवाजात चेष्टा नव्हती, तिला खरंच कळत नव्हतं. “मंग काऊन लिवलं?”

  मी मान्य केलं की चुकलो. वर्ग हसला, आणि मलाही हसू आलं.

तेवढ्यात विस्तार अधिकारी खुर्चीवरून उठले. वर्ग चिडीचूप झाला. बाईंनी पदर घट्ट धरलेला मला दिसला. साहेब पडद्याजवळ गेले, चित्राकडे निरखून पाहिलं आणि मुलांकडे वळले.

“मोहा रात्रीच काऊन पडते? दिवसा काऊन पडत नाई?”

कोणालाच माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. मग गारव्यामुळे, दवामुळे, वटवाघळांमुळे, असे तर्क सुरू झाले आणि मघापेक्षा दुप्पट गलका झाला. एका मुलाने म्हटलं, एका झाडाखाली आपण जागून बघू. त्या गलक्यात साहेब माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. ते आरमोरीकडचे होते, लहानपणी त्यांनी पोत्यांनी मोह वेचला होता. चित्र चूक आहे हे त्यांना कालच दिसलं होतं. मग बोलला का नाहीत, असं मी विचारलं.

“पुण्याची फिल्म,” ते म्हणाले. “म्हटलं, तिकडं चढत असतीन.”

मुलांनी कालचे पेपर परत मागितले. सातव्या उत्तरावर काट मारून नवीन उत्तरं लिहिली. कोणी पानं कशी जाळतात तेही लिहिलं, कोणी झाड कोणाचं तेही. माझ्या छापील उत्तरसूचीप्रमाणे पाहिलं तर अठ्ठावीसच्या अठ्ठावीस मुलं सातव्या प्रश्नात नापास होती. मी उत्तरसूचीवर काट मारली आणि खाली सही केली. साहेबांनी फाइल उघडली. त्यांचा शेरा मी खांद्यावरून वाचला : “वर्गात गोंगाट आहे. कारण समाधानकारक.” बाईंनी तो दोनदा वाचला आणि मागच्या ओल्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

निघताना सुनीताच्या आजीने मोहाची सुकवलेली, भाजलेली फुलं तिळाबरोबर कुटून पानात बांधून दिली. ती आम्ही गडचिरोली येण्याआधीच संपवली. निमजे वाटेत म्हणाले, साहेब, आज खेळ पसंत पडला. मी वडशाच्या त्या लाइटमनची मनातल्या मनात माफी मागितली.

पुण्यात

आमचे पुण्याचे साहेब दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मग त्यांनीच चित्रं नव्याने काढायला लावली. सगळं मार्गी लागायला दीड वर्ष गेलं. मुलांच्या आवाजाची कॅसेट कार्यालयात ठेवली होती. तिच्यावर पुढे कोणाच्या तरी उद्घाटनाचं भाषण टेप झालं. त्याचं वाईट मला आजही वाटतं.

मधल्या काळात बाईंचं कार्ड आलं. त्या कायम झाल्या होत्या. बहीण बी.ए. झाली होती. आणि कायम झाल्याबरोबर त्यांची बदली आरमोरी रस्त्यावरच्या एका शाळेत झाली होती. तिकडची पद्धतच तशी. नवीन, तात्पुरती माणसं रानात पाठवायची. कायम झाली की ती रस्त्यावर येतात, एसटी मिळते, वीज मिळते, घर जवळ येतं. त्यांचा आनंद कार्डावर मावत नव्हता आणि मलाही मनापासून आनंद झाला. या बदलीत माझ्या अहवालातल्या शिफारशीचा हात होता, याचाही अभिमान वाटला. त्यांच्या जुन्या शाळेत आता कोण असेल, हा विचार मनात आला नाही.

नवीन फिल्मस्ट्रिप निघाली तेव्हा पहिली प्रत मी हट्टाने त्या गावी पाठवायला लावली. नारळ काढून टाकला होता. सतराव्या चित्रात माणसं मोहाखाली वाकून फुलं वेचत होती, आणि जमीन झाडलेली होती. महिन्याभराने नव्या गुरुजींचं पत्र आलं. वळणदार अक्षर, शाळेचा शिक्का. खेळ उत्तम झाला, असं त्यांनी कळवलं होतं. मुले अत्यंत शिस्तीत बसली. चाळीस चित्रे संपेपर्यंत एकानेही मध्ये बोलून व्यत्यय आणला नाही. सोबत मुलांचे पेपर तपासायला जोडले होते.

मी सातवा प्रश्न काढून एकेक पेपर पाहत गेलो. सगळ्यांचं उत्तर बरोबर होतं आणि सगळ्यांचं उत्तर एकच होतं, शब्दाला शब्द, आमच्या निवेदकाचं. त्यांनी ते रानात पाहून लिहिलं की पडद्यावर पाहून, हे मला त्या कागदांवरून सांगता येईना. मी सगळ्यांना पूर्ण गुण दिले.